तिरफळावरचे पाहुणे

सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका रडणाऱ्या बाळाच्या मांडीत सुई टोचायच्या बेतात होत्या आणि टोचत नव्हत्या. बाळाची आई तोंड फिरवून बसलेली, आजी तोंडाला पदर लावून उभी, आणि सिस्टर हात अधांतरी धरून गप्प. त्यांच्या मनगटावर एक तपकिरी फुलपाखरू बसलं होतं आणि सोंड लांब करून घाम पीत होतं.

"सिस्टर, टोचा की एकदाचं," आजी म्हणाली.

"थांब गो. मीठ हवंय त्याला. पिऊन झालं की जाईल."

ते गेलं. मग सुई टोचली गेली. बाळ तोवर रडायचं विसरलं होतं.

मी कराडकडची. नोकरीची पहिली नेमणूक मंडणगड तालुक्यातल्या एका डोंगरी गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर झाली. गावातली निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. आरोग्य उपकेंद्राला लागून एका मुंबईकराचं घर होतं. त्याच्या एका खोलीत सिस्टर भाड्याने राहत, दुसरी मला मिळाली. पाच वर्षं आमच्यामध्ये एक पातळ भिंत होती. त्यांना खोकला आला की माझी झोप मोडे.

गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, म्हणून मीही नाव सांगत नाही. पंचावन्नच्या पुढच्या, एकट्या. खांद्याला लसींचा निळा डबा, हातात काळी छत्री. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत चालताना नजर कायम गुडघ्याच्या उंचीवर. नव्या माणसाला वाटे, बाई फार लाजरी दिसते. त्या घाणेरीच्या झुडपांवरची फुलपाखरं बघत असत.

फुलपाखरांची पुस्तकातली नावं त्यांना फारशी ठाऊक नव्हती. त्यांनी आपली ठेवली होती. सदा भिरभिरणाऱ्या, कुठेच न टेकणाऱ्या एका पिवळ्याचं नाव तानीवहिनी, कारण वरच्या वाडीतली तानीवहिनी तशीच होती. एक मोठं, रुबाबदार फुलपाखरू होतं, ते हटकून शेणावर येऊन बसे. त्याला त्या सरपंच म्हणत. हे खुद्द सरपंचांच्या कानावर गेलं होतं. एकदा बी.पी. तपासायला आले तेव्हा दंडाला पट्टा गुंडाळून घेता घेता म्हणाले, "सिस्टर, माझं नाव तेवढं काढा त्याच्यावरचं."

"काढते की. तुम्ही जरा बऱ्या जागी बसायला लागा."

पत्ता सांगायची त्यांची रीतही तशीच. मला पटनोंदणीसाठी बौद्धवाडीत जायचं होतं. ओढ्याला तिकडे पऱ्या म्हणतात. "पऱ्यापर्यंत जा," सिस्टर म्हणाल्या. "ओल्या वाळूवर पांढऱ्यांची पंगत बसलेली दिसेल. तिथून उजवीकडे."

"आणि नाही दिसली तर?"

"तर तुला उशीर झालाय. दहाच्या आत निघत जा."

त्या स्वतः लांज्याकडच्या बौद्ध कुटुंबातल्या. या गावात नव्या आल्या तेव्हा काही घरांत त्यांना ओटीच्या खालीच उभं केलं जाई, हे त्यांनी मला सांगितलं नाही, शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशीने सांगितलं. त्याच घरांतल्या पोरी आता कळा सुरू झाल्या की सिस्टरचा हात सोडत नसत. सिस्टर या दोन्ही गोष्टींबद्दल काही बोलत नसत. कुठल्या घराबद्दलच बोलत नसत.

त्यांच्या खोलीत एकाच खिळ्यावर गेल्या कितीतरी वर्षांच्या दिनदर्शिका एकीवर एक लटकलेल्या होत्या. गठ्ठा उशीएवढा जाड. तारखांच्या चौकोनांत दुधाचे किंवा गॅसचे आकडे नव्हते, बारीक अक्षरात फुलपाखरं होती. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, कोण दिसलं. देवळामागच्या खुळखुळ्याच्या झुडपावर कोण किती आले. कोण यायचं बंद झालं. आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटच्या पानावर, जे आजवर या बाजूला कधी नव्हतं आणि आता दिसायला लागलंय, त्याची वेगळी नोंद.

"माझी पहिली नेमणूक राजापूरला," त्यांनी मला एकदा सांगितलं. "मग पूर्णगड, मग हातखंबा, मग हे मंडणगड. वर वर सरकत आले मी. जी पाखरं राजापूरला बघितली ती पूर्णगडला नव्हती. मला वाटलं, संपला संबंध. दहा वर्षांनी बघते तर हातखंब्याला हजर. आता इथं यायला लागलीत. माझ्या बदल्या झाल्या तशा त्यांच्या पन व्हायला लागल्यात."

मला ते ऐकून गंमत वाटली. मी म्हणाले, "चांगलंच आहे की. नवीन नवीन बघायला मिळतं."

सिस्टरनी चष्मा काढून पदराने पुसला. "आपल्या गावातली माणसं मुंबईला का जातात?"

"पोटासाठी."

"मजेला कोण जात नाय ना? मग पाखरू काय मजेला येतंय? तिकडं काहीतरी झालंय त्याचं. आपल्याला काय झालंय ते दिसत नाय, फक्त आलेलं दिसतं."

तेव्हापासून मला त्या शेवटच्या पानांची जरा भीतीच वाटायला लागली.

माझ्या तिसऱ्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, एका दुपारी सिस्टर थेट वर्गात आल्या. चौथीची मुलं भागाकार करत होती. सिस्टर शाळेत यायच्या त्या गोळ्या वाटायला, आणि आधी सांगून. त्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, "बाय, चल. आत्ता."

आम्ही जवळजवळ पळतच निघालो. पऱ्याच्या पलीकडे गंगारामदादांच्या भातखाचराच्या बांधावर एक उंच तिरफळाचं झाड होतं. खोडभर जाड काटे. याचीच फळं वाळवून बांगड्याच्या आमटीत घालतात. मला घाटावरचीला पहिल्यांदा ती आमटी सिस्टरनीच खायला घातली होती, आणि जीभ बधिर झाली म्हणून मी घाबरले तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. त्या झाडाखाली आम्ही उभ्या राहिलो. वर पानांत काहीतरी लखलखलं. काळे पंख, आणि त्यांच्या मधोमध निळ्या-हिरव्या उजेडाचा रुंद पट्टा. ते खाली आलं, एका कोवळ्या पानाला पोट वाकवून टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं.

"अंडी घालतेय," सिस्टर पुटपुटल्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. "राजापूरच्या पुढं रानात एकदाच दिसलं होतं गो. एकोणतीस वर्षांची होते मी."

मी फोनमध्ये फोटो काढला आणि घरी येऊन नाव शोधलं. दक्षिणेकडचं फुलपाखरू. शास्त्रीय नाव वाचून मी सिस्टरना हाक मारली. "सिस्टर, ऐका. पॅपिलिओ बुद्धा."

"काय?"

"बुद्धा. नावच आहे त्याचं."

त्या आधी खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणून गावाबाहेरच्या झाडावर उतरलाय होय. शहाणा आहे." आणि माझ्या हातातून फोन घेतला. तो फोटो मोठा करून बघत राहिल्या.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांना जितकं सुखी पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नाही, नंतर तर नाहीच. रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्या झाडाकडे जात. खालच्या फांद्या वाकवून अळ्या मोजत. अकरा होत्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसायच्या, मग पानासारख्या हिरव्या झाल्या. "आज भरल्या अंगाच्या झाल्यात," त्या मला येऊन सांगत, बाळाचं वजन वाढल्यावर आईला सांगत तसं.

मी त्यांना म्हणाले, "हे कळवायला हवं कुणाला तरी. तुमच्या नावाने. एवढी वर्षं बघताय तुम्ही."

"कशाला?"

"लोकांना कळू दे ना."

"कळून काय करतील? बघायला येतील. नको."

मी हो म्हणाले. मला खरंच वाटत होतं की त्या भिडेपोटी नको म्हणताहेत. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोंदी खिळ्यावर लटकत राहाव्यात हे मला सहन होत नव्हतं. फुलपाखरांची आवड असलेल्या लोकांचा एक ग्रुप फोनवर होता, मी त्यात नुकतीच शिरले होते. एका रविवारी मी तिथे फोटो टाकला. खाली सिस्टरचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, पऱ्यावरून कसं जायचं ते लिहिलं, आणि नकाशावर खूणही करून दिली. तासाभरात अभिनंदनाचा पाऊस पडला. कधी येऊ, सकाळी की दुपारी, गाडी कुठपर्यंत येते, सगळे विचारत होते. मी एकेकाला उत्तर देत बसले. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या रविवारी दोन गाड्या आल्या. सात-आठ माणसं, चांगली होती. कचरा टाकला नाही, पान तोडलं नाही. दोघांनी मात्र खाकी-हिरवे कपडे घातले होते, जंगलात जाताना घालतात तसे. गळ्यात मोठे कॅमेरे. गंगारामदादा खाचरात होते, भात कापणीला आलं होतं. त्या दोघांतल्या एकाने त्यांना विचारलं, "काका, ही जमीन कुणाच्या नावावर आहे? सर्व्हे नंबर काय?" त्याला ती जागा नीट नोंदवायची होती, एवढंच.

सिस्टर त्या दिवशी एका बाळंतिणीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या होत्या. परत येईपर्यंत गाड्या निघून गेल्या होत्या. मी त्यांना काही सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. गावात लाकूड तोडणं रोजचं असतं, मी लक्ष दिलं नाही. शाळेला निघाले तेव्हा गंगारामदादा उपकेंद्राच्या पायरीवर बसलेले दिसले. उजवा हात डाव्या हातात धरून. तळव्यात एक जाडजूड काटा खोल रुतला होता.

सिस्टरनी त्यांना आत घेतलं. काटा बघितला आणि त्या थांबल्या.

"तिरफळाचा," त्या म्हणाल्या.

गंगारामदादांनी मान खाली घातली. "सिस्टर, तुमी मला काय पन बोला. माजी तीन पोरं तुमच्या हातावर झाली, तुमाला मी खोटं सांगणार नाय. झाड पाडलं मी."

मी दारातच उभी होते.

"का?" सिस्टरनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"रविवारी फारेष्टवाले आले होते. जमीन कुणाची विचारत होते, नंबर विचारत होते. त्या पाखराचे फोटू काढले. भावाला मुंबैला फोन केला तर तो म्हनाला, एकदा का त्यांनी नोंद केली की आपल्याला बांधावर पाय टाकू देणार नायत. चार भावांची जमीन हाय ती, सिस्टर. झाडच नाय तर पाखरू नाय, नि पाखरू नाय तर भानगड नाय. मी काय करू?"

"ते फॉरेस्टचे नव्हते, दादा," मी म्हणाले. "ते नुसते बघायला आले होते. माझ्यामुळे..."

सिस्टर माझ्याकडे वळल्याही नाहीत. त्यांनी चिमट्याने काटा काढला, सगळा, टोकासकट. जखम धुतली. "दुखतंय?" असं नेहमीच्याच मायेने विचारलं. पट्टी बांधली. मग म्हणाल्या, "दुसऱ्या दंडाची बाही वर करा. धनुर्वाताचं द्यायला हवं." इंजेक्शन दिलं, हात ओला करू नका म्हणून बजावलं, आणि त्यांना पायरीपर्यंत सोडलं.

ते गेल्यावर सिस्टरनी मला विचारलं, "किती जणांना सांगितलंस?"

"सगळ्यांना," मी म्हणाले.

त्या बाकावर बसल्या. "एकतीस वर्षं मी गावंच्या गावं पोटात ठेवलीत गो. कुणाला दिवस गेले, कुणाचं पाडावं लागलं, कुणाचा नवरा कसा आहे. कधी जीभ सैल सोडली नाय. तुला हे एवढंसं नाय ठेवता आलं?"

त्या पाचही वर्षांत त्यांनी मला बोललेलं हेच एक. नंतर त्यांनी हा विषय माझ्यापाशी एकदाच काढला, तो पुढे येईल.

दुपारी आम्ही दोघी पडलेल्या झाडात अळ्या शोधायला गेलो. काट्यांनी हात सोलवटले. सहा सापडल्या. सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून त्यांत तिरफळाच्या डहाळ्या उभ्या केल्या आणि अळ्या त्यांवर सोडल्या. दोन दिवस त्यांनी खाल्लं. मग पानं सुकायला लागली. लिंबाची पानं देऊन पाहिली, कढीपत्त्याची पाहिली, त्या तोंड लावीनात. दुसरं तिरफळ सिस्टरना दापोलीच्या वाटेवर माहीत होतं. त्या रजा टाकून एसटीने गेल्या, ओल्या टॉवेलात गुंडाळून डहाळ्या घेऊन आल्या. चार दिवसांनी पुन्हा गेल्या. पण अळ्या मऊ पडत होत्या, काळ्या होत होत्या. रोज सकाळी एक तरी खाली पडलेली असे. सिस्टर ती कागदावर उचलून घेत आणि मागच्या दाराने बाहेर जात. मी विचारलं नाही कुठे.

एकीचा कोष झाला. टेबलाच्या कडेला, खालच्या बाजूने. सिस्टरनी त्या टेबलावर जेवणं बंद केलं, दरवाजा हळू लावायला लागल्या, मलाही हळू चालायला सांगितलं. कोष फुटला तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर बसून बघत होतो. फुलपाखरू बाहेर आलं, लटकलं, आणि त्याचा एक पंख हळूहळू ताठ झाला. काळा, मधोमध तो निळा-हिरवा उजेड. दुसरा पंख चुरगळलेलाच राहिला. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. तो उघडला नाही.

सिस्टर त्याला रोज बोटावर घेऊन घाणेरीच्या फुलांवर नेऊन बसवत, पिऊन झालं की परत आणत. गावातली माणसं बघत आणि पुढे जात. चौथ्या दिवशी त्यांना बाळंतपणाला बोलावणं आलं, त्याला खिडकीत ठेवून त्या गेल्या. मी शाळेतून आले तेव्हा त्याला मुंग्या लागल्या होत्या. एकच पंख शाबूत होता. त्यांच्या येण्याआधी मी ते सगळं झाडून काढलं. त्यांनी रिकामी खिडकी बघितली आणि चहा टाकला.

त्यानंतर दिनदर्शिकेचे चौकोन कोरे राहिले. आधी मला वाटलं, थोडे दिवस. मग ते वर्ष संपलं, नवी दिनदर्शिका आली, तीही कोरीच. लसींचा डबा, छत्री, वाड्यांच्या फेऱ्या, सगळं तसंच चालू होतं. पण चालताना आता त्या समोर बघत. रस्त्यात कुठे काही उडालं तर मीच दाखवी, "सिस्टर, सरपंच!" त्या म्हणत, "हो का?" पत्ता विचारला तर सांगत, शाळेपासून सरळ जा, पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे. इतरांसारखाच.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर आम्ही दोघी बौद्धवाडीतून परत येत होतो. तिथे एका बाळाला डोस द्यायचा होता आणि मला त्याच घरातल्या मुलाची गैरहजेरी बघायची होती. पऱ्याजवळ आलो आणि सिस्टर थांबल्या. बांधावर, जिथे झाड होतं त्या जागेच्या वर, हवेत, ते होतं. मादी होती. गोल फिरत होती, वर जात होती, खाली येत होती, जणू पानं असायला हवीत तिथेच शोधत होती. एका गवताच्या पात्याला पायांनी चाचपलं आणि सोडलं. निवडुंगाच्या कुंपणाला चाचपलं. पुन्हा वर. खाली बुंधा दिसत होता, त्याला फुटवाही आला नव्हता, गंगारामदादांनी मुळाशी आग लावली होती.

आम्ही किती वेळ उभ्या होतो ते आठवत नाही. ती जाईना. सिस्टरनी छत्री बंद केली.

"सांग तिला," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. पेशंटच्या माणसांशी बोलतात त्याच आवाजात बोलत होत्या, ज्यांना वाईट बातमी द्यायची असते त्यांच्याशी.

"तू सगळ्यांना सांगितलंस ना. हिला पन सांग."

आणि त्या पुढे निघाल्या. मी तिथेच राहिले. मादी शेवटी सड्याच्या दिशेने गेली, तिकडे तिरफळ नव्हतं हे मला माहीत होतं.

पुढे माझी स्वतःच्या जिल्ह्यात बदली झाली. सिस्टर निवृत्त झाल्या आणि बदलापूरला भाच्याकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी दिनदर्शिकांचा गठ्ठा पाणी तापवायच्या चुलीत घातला, असं शाळेतल्या मावशीने मला कळवलं. मला मागवून घेता आला असता. मी मागितला नव्हता, आणि त्यांनी दिला नसता.

मी वर्षातून दोन-तीनदा फोन करते. गेल्या महिन्यात केला तेव्हा आधी गुडघे, मग भाच्याची नोकरी, मग माझी मुलगी, असं बोलून झालं. मी विचारलं, "तिकडे दिसतं का काही?"

"सातव्या मजल्यावर काय दिसणार? आणि मी बघत पन नाय."

मी सांगितलं की परसात तिरफळ लावायचा प्रयत्न चाललाय. जुन्या शाळेतल्या एका पालकाकडून दापोलीकडच्या झाडाच्या ताज्या बिया मागवल्या होत्या.

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"रुजलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. दोन पावसाळे टाकल्या. एकही नाही."

"सहज रुजत नाय ते. रुजलंच कधी, तर मला पन सांगू नको."